जिम चांगली आहे का, हे मोजायचं कसं

जिम बघायला गेलं की आपण काय बघतो, तर आरसे, एसी, मशीन किती नवी, गाणी कुठली लावलीत आणि मग डायरेक्ट वर्षाचा रेट. काउंटरवरची मुलगी गोड बोलते, आजच घेतलंत तर तीन महिने फ्री म्हणते, आपण पैसे भरतो आणि घरी येतो. या सगळ्यात जिमची क्वालिटी तपासली कुठे? मला विचाराल तर क्वालिटी म्हणजे काउंटरवर जे सांगितलं ते, आणि तिसऱ्या महिन्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जे खरंच आपल्याला मिळालं ते, या दोघांत किती फरक आहे तो. आणि हा फरक मोजता येतो, त्यासाठी फिटनेसमधलं फार काही कळायलाच पाहिजे असंही नाही. एक वही, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा तो छोटा हूकवाला डिजिटल काटा एवढं पुरतं.

मोजायची पद्धत मी बनवलेली नाहीये. १९८८ मध्ये अमेरिकेत परशुरामन, झीथमल आणि बेरी या तीन प्राध्यापकांनी सर्व्हक्वाल नावाची पद्धत मांडली (परशुरामन आयआयटी मद्रासला शिकलेले). त्यांनी २२ वाक्यं काढली आणि प्रत्येक वाक्य गिऱ्हाइकाला दोनदा विचारलं, एकदा असं की चांगल्या ठिकाणी हे कसं असायला पाहिजे, आणि दुसऱ्यांदा असं की इथे ते कसं आहे, दोन्हीला १ ते ७ मार्क. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरतं ती त्या जागेची क्वालिटी. ही २२ वाक्यं पाच गटांत बसतात, मी ते आपल्या भाषेत असे सांगते: डोळ्यांना दिसतं ते, भरवसा म्हणजे सांगितलं तसं होतं का, तत्परता म्हणजे हाक मारली की कोणी येतं का, खात्री म्हणजे समोरच्याला काम येतं आणि आपण त्याच्या हातात सुरक्षित आहोत असं वाटतं का, आणि आपुलकी म्हणजे तुम्हाला तुम्ही म्हणून ओळखतात की नुसता मेंबर नंबर म्हणून.

यातलं सगळ्यात कामाचं काय माहितीये का, या लोकांनी बँक, क्रेडिट कार्ड, फोन असल्या सेवांच्या गिऱ्हाइकांना १०० मार्क या पाच गटांत वाटायला सांगितले तेव्हा भरवशाला ३२ मिळाले, तत्परतेला २२, खात्रीला १९, आपुलकीला १६ आणि डोळ्यांना दिसतं त्याला फक्त ११. आणि जिमवाले सगळा खर्च नेमका त्या अकरावर करतात, कारण पहिल्या दहा मिनिटांत तेवढंच विकलं जातं. जिमसाठी मी हे वजन थोडं बदलून घेते कारण जिममध्ये माणूस मानेवर लोखंड घेतो, बँकेत घेत नाही, तर खात्री आणि भरवसा दोन्हीला ३०-३०, तत्परता आणि आपुलकीला १५-१५ आणि दिसण्याला १०. तुमचं वय, तब्येत, दुखणी बघून तुम्ही बदला, फक्त जिम बघायला जायच्या आधी बदला आणि चांगल्या जिमकडून काय पाहिजे त्याचे मार्क पण आधीच लिहून ठेवा. नंतर लिहिलेत तर जी जिम आवडलीये तिच्या बाजूने आपोआप लिहिले जातात.

कधी जायचं

तुम्ही जिमला ज्या वेळेला खरंच जाणार आहात त्याच वेळेला जायचं, दुसऱ्या कुठल्याही नाही. ट्रायलसाठी जिमवाले शक्यतो दुपारी किंवा रविवारी बोलावतात, तेव्हा सगळं रिकामं आणि ट्रेनर पण फ्री, मग छानच वाटणार. सोमवार किंवा मंगळवार संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, नाहीतर सकाळी ऑफिसच्या आधी सहा ते आठ, यात खरं चित्र दिसतं. जानेवारीत मोजू नका, नवीन वर्षाच्या संकल्पवाल्यांची एवढी गर्दी असते की चांगली जिम पण वाईट दिसते, आणि गणपतीच्या दिवसांत आणि दिवाळीतही मोजू नका कारण पुण्या-मुंबईत तेव्हा निम्मी जिम रिकामी असते आणि वाईट जिम पण चांगली दिसते. एका दिवसाचा पास मागा, पैसे घेऊन द्या म्हणा. कुठल्याच परिस्थितीत एक दिवस व्यायाम करून बघायला देत नाहीत अशी जिम असेल तर भरवशाच्या गटात तिथेच मार्क कापा.

पोचलात की पहिली दहा मिनिटं व्यायाम करू नका, नुसतं मोजा. फ्लोअरवर माणसं किती, ट्रेनर किती, त्यातले पर्सनल ट्रेनिंगवाल्यात अडकलेले किती आणि बाकीच्यांसाठी मोकळे किती. स्क्वॉट रॅक, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठका मारायची ती चौकट, किती आणि त्यासाठी थांबलेली माणसं किती. मग तुम्हाला जी दोन-तीन साधनं रोज लागणार आहेत त्यातल्या एकासाठी लाइनमध्ये उभं राहून स्टॉपवॉच लावा. मशीन किती आहेत या आकड्याला काही अर्थ नाही, पस्तीस मशीन असतील आणि रॅक एकच असेल, तर रोज वीस मिनिटं भिंतीला टेकून उभं राहायची तयारी ठेवा. ज्याला तासाभरात व्यायाम उरकून घरी जाऊन स्वयंपाक करायचाय किंवा लोकल पकडायचीये, त्याच्यासाठी थांबायचा वेळ हाच जिमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि तो कुठल्याच ब्रोशरवर नसतो.

लोखंड

ऑलिंपिक बार म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटी लावतात तो लांब दांडा, पुरुषांचा २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा, हे स्पर्धेचं प्रमाण. आपल्याकडे बऱ्याच जिममध्ये बार तसाच दिसतो पण वजनाला बारा, चौदा, अठरा काहीही भरतो आणि कोणाला माहितीही नसतं. बार उभा करून काट्याला लटकवणं अवघड जातं, दोरीने बांधून जमलं तर बघा, नाहीतर घरचा वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभं राहायचं, मग बार हातात घेऊन, आणि वजाबाकी करायची. प्लेटी मात्र हूकच्या काट्याला सहज लटकतात. १० किलो लिहिलेल्या दोन प्लेटी तोला, दोन्हीत फरक किती येतो बघा. शंभर-दोनशे ग्रॅम सोडून द्या, पण अर्धा किलोच्या वर फरक असेल तर बारची एक बाजू जड राहणार आणि तुमची कंबर रोज वाकड्या लोडखाली जाणार. शिवाय दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवत न्यायचं हाच ताकद कमवायचा मार्ग, आणि आकडाच खोटा असेल तर वाढवताय काय हे कळणार कसं? सव्वा किलोच्या म्हणजे १.२५ च्या प्लेटी आहेत का हेही बघा. ज्या जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट पाचची आहे तिथे नवीन माणसाचा, खासकरून बायकांचा विचार कोणी केलेलाच नाही, कारण पाच-पाच दोन्ही बाजूला म्हणजे एकदम दहा किलोची उडी.

केबल मशीनच्या वायरीवरून डोळे फिरवा, मधे नाही, टोकाला जिथे हूक लागतो तिथे, कारण ती तिथेच आधी सुटते. प्लास्टिकचं कव्हर फाटून आतल्या तारा केसांसारख्या बाहेर आल्या असतील तर ती वायर कधीही तुटू शकते आणि लॅट पुलडाउनला (वरचा बार खाली ओढायचं मशीन) तुटली तर बार थेट डोक्यावर येतो. वजनाच्या पिना मूळच्या आहेत की स्क्रू ड्रायव्हर आणि खिळे घातलेत तेही दिसतंच. ट्रेडमिलला ती लाल दोरीची सेफ्टी क्लिप आहे का, ओढली की पट्टा थांबतो का, आणि मागे मोकळी जागा किती आहे, साधारण दोन मीटर तरी पाहिजे. कितीतरी ठिकाणी ट्रेडमिलच्या मागे लगेच भिंत नाहीतर दुसरं मशीन असतं, माणूस घसरला की पट्टा आणि भिंतीच्या मधे सापडतो.

"बंद आहे" असा कागद लावलेली मशीन प्रत्येक जिममध्ये एखादी असतेच, त्यात वाईट काही नाही, मशीन वापरली की बिघडणार. पण त्या कागदाचा फोटो काढून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत जा. कागद तिथेच आहे का? भरवसा मोजायची याच्यापेक्षा स्वस्त आणि खरी परीक्षा मला अजून सापडली नाही.

हवा आणि घाम

तळघरात किंवा बंद काचांच्या मजल्यावर जिम असेल तर हा भाग नीट वाचा. आपल्याकडचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. म्हणजे गार वाटतं पण पन्नास माणसांनी सोडलेला श्वास तिथेच असतो. कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर हल्ली ऑनलाइन मिळतं, कोणाकडे असेल तर मागून घ्या, बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं आणि आत हजारच्या वर गेलं की समजायचं ताजी हवा पुरत नाहीये. मीटर नसेल तर बाहेरून आत शिरल्या शिरल्या पहिला वास काय येतो तो लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी नाक सरावतं आणि मग काही कळत नाही. एक्झॉस्ट फॅन आहे का आणि तो चालू आहे का बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या जिमसाठीच्या नियमावलीत व्यायामाच्या जागी तापमान २० ते २२ डिग्री आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असं सांगितलंय. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ६० टक्के गाठणं अवघडच, तिथे मी तापमानापेक्षा हवा फिरते का याला जास्त मार्क देते.

स्वच्छतेत फरशी चकचकीत आहे का बघू नका, बेंचची रेक्झिन आणि योगा मॅट बघा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्ण, नायटा प्रचंड वाढलाय आणि साध्या मलमाने बरा होत नाही असं त्वचेचे डॉक्टर सांगून दमलेत, आणि तो पसरतो घामेजलेल्या त्वचेवरून, टॉवेलवरून, मॅटवरून. फाटलेल्या रेक्झिनच्या आतला स्पंज घाम पितो आणि तो पुसून स्वच्छ होतच नाही. स्प्रेची बाटली आहे का, भरलेली आहे का, आणि मेंबर खरंच पुसतात का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर त्या जिममध्ये कोणीतरी लक्ष घालतंय. पाण्याच्या फिल्टरवर शेवटची सर्व्हिस कधी झाली ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. बाथरूम तुम्ही बघालच.

बायकांसाठी अजून थोडं, आणि हे पुरुषांनीही बायको-मुलीला जिम लावताना बघावं. चेंजिंग रूमचा दरवाजा आतून नीट लागतो का, तिथे मोबाईल वापरायला बंदी आहे का आणि ती पाळतात का, बाई ट्रेनर कुठल्या वेळेला असते. फ्लोअरवर रील काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात दुसऱ्या कोणी येणार नाही असा नियम आहे का हे सरळ काउंटरवर विचारा. त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची याचं उत्तर एका नावाने मिळालं पाहिजे, "मॅडम इथे असं काही होत नाही" हे उत्तर नाही.

ट्रेनर

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला कारण जिमची क्वालिटी शेवटी इथे ठरते.

पहिली गोष्ट, तुम्हाला हात लावायच्या आधी, म्हणजे पहिला व्यायाम द्यायच्या आधी काही विचारतात का? पार-क्यू नावाचा सात प्रश्नांचा फॉर्म आहे, मूळ कॅनडातला, जगभर वापरतात. हृदयाचा त्रास आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्याचं काही आहे का, बीपीची गोळी चालू आहे का असे साधे प्रश्न, एकाचं जरी उत्तर हो आलं तरी आधी डॉक्टरला विचारून या म्हणायचं. मराठीत तोंडी विचारलं तरी चालेल, कागद नसला तरी चालेल. पण काहीच न विचारता "चला, आज चेस्ट मारू" म्हणणारा ट्रेनर असेल तर खात्रीच्या गटात ७ पैकी दोनच्या वर मार्क देऊ नका, दंड कितीही मोठे असू देत.

सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली असतात, त्यातली किती चालू आहेत ते बघा. एसीई म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचं सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि नाव टाकून त्यांच्या साइटवर तपासता येतं. मुंबईची के-इलेव्हन ही आपल्याकडची जुनी आणि नावाजलेली संस्था, तिचे कोर्स केलेले ट्रेनर बऱ्याच ठिकाणी भेटतात. दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या कागदाला आणि काही महिन्यांच्या कोर्सला एकच वजन देऊ नका. आणि भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरचा माणूस आज त्या जिममध्ये कामाला आहे का, हेही विचारायचं बरं का, कारण ट्रेनर सोडून जातात पण फ्रेम तिथेच राहते.

मग एक प्रश्न टाका, "माझी कंबर अधूनमधून दुखते, काय करू?" आणि गप्प बसा. चांगला ट्रेनर उलट प्रश्न विचारतो, कधीपासून, कुठे, वाकताना की बसल्यावर, पायात मुंग्या येतात का, डॉक्टरला दाखवलंत का. मुंग्या येतात म्हणालात तर तो आधी डॉक्टर किंवा फिजिओकडे जायला सांगेल. कच्चा ट्रेनर लगेच तीन व्यायाम सांगून मोकळा होतो. या एका प्रश्नात त्याला किती येतं हे तर कळतंच, पण जे येत नाही ते तो मान्य करतो का हेही कळतं, आणि माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं.

यानंतर वीस मिनिटं ट्रेडमिलवर आरामात चालत फ्लोअरकडे बघत राहा. पर्सनल ट्रेनिंगचे वेगळे पैसे न भरलेला एखादा नवीन पोरगा चुकीचं डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलायचा व्यायाम) करत असेल, पाठ वाकलेली असेल, तर त्याला कोणी जाऊन थांबवतं का? इथेच तत्परता आणि आपुलकी दोन्ही मोजली जातात. बऱ्याच जिममध्ये ट्रेनरचा पगार अगदी कमी आणि खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर असते, त्यामुळे तो साध्या मेंबरकडे बघतच नाही, आणि यात मी त्या पोरांना दोष देत नाही, मालकाने तशीच व्यवस्था लावलेली असते. ट्रेनर दर काही महिन्यांनी बदलत असतील तर कारण बहुतेक वेळा हेच. जुन्या मेंबरला विचारा, तुम्ही आलात तेव्हापासूनचे किती ट्रेनर अजून आहेत.

मला इथे तालमीची आठवण होतेच. कोल्हापूरची गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, अमरावतीचं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ, इथे चकचकीत काही नव्हतं आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही नाही. हौदातली लाल माती, जोर-बैठका, मुद्गल. पण वस्ताद प्रत्येकाकडे बघायचा, कोण आज आला नाही हे त्याला माहिती असायचं. तिथलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही, बायकांना तालमीत जागा नव्हती आणि दुखापतीवर तेल चोळून पुढे चालू हा प्रकारही होताच. पण आपुलकीच्या गटात चांगली जागा कशी असावी याचे मार्क लिहिताना माझ्या डोळ्यासमोर वस्ताद असतो. तुम्ही चार दिवस आला नाहीत तर कोणी फोन करतं का, आणि तो फोन तब्येत विचारायला असतो की रिन्यूअलसाठी?

आता एक गोष्ट जिथे मार्कच देऊ नका, सरळ बाहेर पडा. ट्रेनर किंवा काउंटरवाला स्वतःहून गोळ्या, इंजेक्शनची गोष्ट काढत असेल तर. मेफेंटरमाइन म्हणून इंजेक्शन आहे, ऑपरेशनला भूल दिल्यावर बीपी खाली गेलं तर डॉक्टर देतात ते, आणि व्यायामाला जोर यावा म्हणून पोरं ते टोचून घेतात. पुण्यात पोलिसांनी ते जिमच्या पोरांना विकणाऱ्यांना पकडलंय. याने हृदयाचे ठोके आणि बीपी एकदम वाढतं, वर जड व्यायाम, माणूस जाऊ शकतो. स्टेरॉइडचं पण तेच. साध्या प्रोटीन पावडरला माझा विरोध नाही, पण डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी लायसन्स नंबर आहे का बघा, आणि तुमचं खाणंपिणं न विचारता पहिल्याच दिवशी डबा विकायला काढणाऱ्याचे खात्रीचे मार्क कमी करा.

कोणी कोसळलं तर

ऑगस्ट २०२२ मध्ये राजू श्रीवास्तव दिल्लीत जिममध्ये ट्रेडमिलवर असताना कोसळले आणि पुढच्या महिन्यात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अभिनेता सिद्धांत सूर्यवंशी मुंबईत व्यायाम करताना गेले. जिमच्या चुकीने असं होतं असं नाही, पण हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं काय होतं ते मात्र जिमच्या हातात असतं. सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून विचारा, आत्ता या क्षणी फ्लोअरवर सीपीआर येणारा कोण आहे? नाव सांगितलं पाहिजे. त्याला जाऊन विचारा छाती किती वेगाने दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा हे उत्तर यायला हवं. एईडी म्हणजे शॉक द्यायचं मशीन आहे का, असेल तर कुठे आहे आणि मालकाच्या कपाटात कुलूपबंद तर नाही ना. आपल्याकडे फार कमी जिममध्ये ते असतं, नसलं तर मी जिम बाद करत नाही पण असलं तर भरपूर मार्क देते. १०८ नंबर आणि जिमचा पूर्ण पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा, घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही.

आगीचं पण बघा. बाहेर पडायचे रस्ते दोन आहेत का आणि दुसऱ्या दारासमोर मोडकी मशीन रचून ठेवलेली नाहीत ना. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घेऊन द्यायचा असतो. शेवटचा दाखवा म्हणा. दाखवला नाही तरी सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का आणि रिफिलची तारीख कधीची आहे हे तुम्हाला स्वतःला दिसतं. तळघरातली जिम, एकच जिना आणि दुसरं दार नाही, असं असेल तर बाकी कितीही मार्क मिळोत, मी तिथे कोणालाच जा म्हणणार नाही.

पैसे

वर्षाचे पैसे आधी भरू नका, एक महिना किंवा तीन महिने घ्या, महाग पडलं तरी. वर्षाची ऑफर स्वस्त असते कारण खूप लोक मधेच सोडतात हे जिमवाल्याने हिशोबात धरलेलं असतं. फॉर्मवर सही करायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: मेंबरशिप फ्रीज, म्हणजे मधे थांबवून ठेवणं, किती दिवस होते, दुसऱ्याच्या नावावर करता येते का, जिम बंद पडली किंवा लांब हलली तर उरलेले पैसे परत कसे मिळतात, आणि ज्या ट्रेनरसाठी पर्सनल ट्रेनिंग घेतलं तो सोडून गेला तर काय. तोंडी आश्वासन व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा, "तुम्ही असं म्हणालात ना, कन्फर्म करा" एवढा एकच मेसेज. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, तर कोणी अजून १८ लावत असेल तर बिल दाखवून विचारा. छोट्या जिमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसू शकतं, मग त्यांनी जीएसटी घ्यायचाच नाही.

सांगितलेली सेवा दिली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. पावतीवर "पैसे परत मिळणार नाहीत" छापलंय म्हणून विषय संपला असं समजू नका.

आता बेरीज

समजा जायच्या आधी तुम्ही चांगल्या जिमकडून अपेक्षा अशी लिहिलीत: दिसणं ५, भरवसा ७, तत्परता ६, खात्री ७, आपुलकी ५. दोन जिम बघितल्या. पहिली चकचकीत, तिला तुम्ही क्रमाने ७, ४, ४, ५, ३ दिले. फरक आला अधिक २, उणे ३, उणे २, उणे २, उणे २. प्रत्येक फरकाला वर सांगितलेल्या वजनाने गुणा, म्हणजे अधिक २०, उणे ९०, उणे ३०, उणे ६०, उणे ३०, बेरीज उणे १९०, भागिले १०० म्हणजे उणे १.९. दुसरी साधी, पंखेवाली, मशीन जुनी पण सगळी चालू, तिला ३, ६, ५, ६, ६ दिले. फरक उणे २, उणे १, उणे १, उणे १, अधिक १. वजनाने गुणून उणे २०, उणे ३०, उणे १५, उणे ३०, अधिक १५, बेरीज उणे ८०, म्हणजे उणे ०.८. दुसरी जिम तुमच्या अपेक्षेच्या जास्त जवळ आहे. उत्तर बहुतेक वेळा उणेच येतं, घाबरू नका, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं.

अपेक्षेचे मार्क लिहिणं डोक्याला ताप वाटत असेल तर ते सोडून द्या. क्रोनिन आणि टेलर या दोघांनी १९९२ मध्ये हाच मुद्दा काढला होता की अपेक्षा विचारायची गरजच नाही, प्रत्यक्ष कसं आहे एवढंच मोजा, त्याला सर्व्हपर्फ म्हणतात. मग नुसते मिळालेले मार्क वजनाने गुणून बेरीज करा आणि जिमा एकमेकींशी ताडून बघा. आई-वडिलांसाठी जिम शोधताना मी तेच करते, कारण "चांगल्या जिमकडून काय पाहिजे" असं त्यांना विचारलं की "काही नको, जवळ असली म्हणजे झालं" असंच उत्तर येतं. तसं जवळ असणं खरंच मोठी गोष्ट आहे, फक्त तो जिमचा गुण नाही म्हणून मी तो बेरजेत धरत नाही, आधीच वीस मिनिटांच्या पलीकडच्या जिमा यादीतून काढून टाकते.

गूगलवरचे रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारचे सोडा, एकाच आठवड्यात धडाधड आलेले तर नक्कीच सोडा. दोन आणि तीन स्टारवाले वाचा, त्यात लोक नेमकं काय बिघडलं ते लिहितात, आणि मालकाने खाली उत्तर काय दिलंय तेही वाचा.

तुम्ही स्वतः जिम चालवत असाल तर हेच उलटं वापरा. पंधरा-वीस मेंबरना हे पाच गट देऊन मार्क मागा, नाव न लिहिता, आणि रिन्यू न केलेल्यांना फोन करून विचारा का सोडलंत, ऑफर न देता. तिसऱ्या महिन्यात किती नवीन मेंबर आठवड्याला निदान दोनदा येतायत हा आकडा दर महिन्याला काढा. हजेरीच्या मशीनमध्ये तो आधीच पडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. तुमचे मेंबर तेवढेही येत नसतील तर नवीन मशीन घ्यायच्या आधी फ्लोअरवर ट्रेनर किती मोकळे आहेत ते बघा.

आणि मेंबर असाल तर वही फेकू नका. तीन महिन्यांची मेंबरशिप संपायच्या पंधरा दिवस आधी, रिन्यूअलचा फोन यायच्या आत, तेच पाच मार्क परत भरा. खात्री आणि भरवसा यातला एक जरी दोन मार्कांनी खाली आला असेल तर मॅनेजरला भेटून नेमकं काय बिघडलं ते सांगा, कुठलं मशीन, कुठली वेळ, कुठला ट्रेनर, आणि दोन आठवडे थांबा. सुधारलं तर पुढचे तीन महिने भरा, नाही सुधारलं तर यादीतल्या दुसऱ्या जिमचा एक दिवसाचा पास काढा.